अकरा नंबरच्या कपाटातली तीन पुस्तकं

दुर्गाबाई भोयरांनी नोकरीच्या चौतीस वर्षांत एकाच माणसावर पूर्ण भरवसा टाकला होता, आणि तो त्यांच्या हातचे पोहे खाऊन त्यांची यादी घेऊन गेला होता.

ती गोष्ट शहाण्णव सालची. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या ज्या कॉलेजात त्या ग्रंथपाल होत्या, त्याचं तेव्हा विद्यापीठ झालं नव्हतं. ग्रंथालय म्हणजे दोन खोल्या, अठरा कपाटं आणि कार्डांचे सागवानी खण. प्रत्येक खणातल्या कार्डांमधून एक लोखंडी सळई ओवलेली, कुणी कार्ड उपसून न्यायचं म्हटलं तरी निघू नये म्हणून. जिल्ह्यातल्या जुन्या घरांतून, बंद पडलेल्या वाचनालयांतून आलेली मराठी-हिंदी पुस्तकं बाईंनी एकेक करून झटकली होती, वाळवीच्या तोंडून काढली होती आणि त्यांची यादी केली होती. अकराशे चाळीस नोंदी, सगळ्या स्वतःच्या अक्षरात. भोपाळहून शिफारसपत्र घेऊन एक गृहस्थ आले. तीन महिने खिडकीजवळच्या टेबलाशी बसले, यादी उतरवून घेतली, आणि दोन वर्षांनी ती त्यांच्या नावानं छापून आली. आभाराच्या पानावर टायपिस्टचं नाव होतं, दुर्गाबाईंचं नव्हतं. त्या तणतणत प्राचार्यांकडं गेल्या, तर प्राचार्य शांतपणे म्हणाले, "उतरवून तर तुम्हीही घेतली असेल. यादी तुमची होती, याला पुरावा काय?"

पुरावा हा शब्द बाई निवृत्त होऊन घरी बसल्या तरी त्यांच्या मनातून गेला नाही.

म्हणून गेल्या वर्षी संघमित्रा मेश्रामनं जुन्या लोकांनाही विद्यापीठाच्या हॉलमध्ये बोलावलं, तेव्हा बाई गेल्या खऱ्या, पण शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसल्या. संघमित्रा वारासिवनीची. नागपूरला शिकून, तिथंच काही वर्षं नोकरी करून संगणक विभागात शिकवायला आलेली. तिला मुलांना ओपन सोर्सची ओळख करून द्यायची होती. ती सांगत होती की प्रोग्रॅम लिहायचा आणि तो कसा लिहिला ते सगळ्यांपुढं उघडं ठेवायचं. कुणीही पाहावं, घ्यावं, आपल्या कामाप्रमाणं बदलावं, आणि बदललेलं परत सगळ्यांना द्यावं.

बाईंनी हात वर केला. "म्हणजे चोरीची परवानगी."

पोरं हसली. संघमित्राही हसली. "परवानगी दिल्यावर चोरी कशी होईल, बाई?"

"तेच म्हणून राह्यली मी. चोरी म्हणाची सोयच नाई ठेवली तुमी."

"सावडीसारखं समजा. आज माझ्या बांधीत सगळे मिळून धानाचा रोवणा करतील, उद्या तुमच्या."

"सावडीत कोण आलं, कोण नाई आलं, ते बांधावरून दिसते. तुमच्या ह्या मशिनीत कोण येते, कोण जाते, कोणाले दिसते?"

"दिसतं. कोणी कोणती ओळ लिहिली, कधी लिहिली, कोणी बदलली, सगळं राहतं. पुसलं तर पुसणाऱ्याचंही नाव राहतं."

पुढच्या रांगेतून वीरेंद्रबाबू मागं वळले. बाईंच्या जागेवर आलेले ग्रंथपाल ते. "फोकट का माल है बाई, कल बंद हो जाएगा," असं म्हणून त्यांनी संघमित्राकडं पाहत मान हलवली. बाईंना वीरेंद्रबाबू कधी आवडले नव्हते, पण त्या दिवशी त्यांचं म्हणणं पटल्यासारखं वाटलं.

मुलांनी पहिलं काम ग्रंथालयाचंच घेतलं. यादीचा प्रोग्रॅम असा करायचा की लामता, कटंगीच्या छोट्या वाचनालयांनाही तो तसाच घेऊन वापरता यावा. सगळी पुस्तकं त्यात चढली, फक्त अकरा नंबरच्या कपाटापासून पुढची जुनी पुस्तकं राहिली. त्यांची दाखल नोंदवही एका पावसाळ्यात भिजून लगदा झाली होती. भोपाळच्या गृहस्थांनी छापलेल्या यादीत दाखल क्रमांक आणि कपाटं गाळलेली होती. नीट यादी एकाच जागी होती, दुर्गाबाईंच्या घरी, ट्रंकेत.

संघमित्रा पहिल्यांदा आली तेव्हा बाईंनी तिला अंगणातूनच वाटेला लावलं. दुसऱ्यांदा चहा दिला, पण यादीचा विषय निघाल्याबरोबर गॅसवर दूध असल्याची आठवण काढली. तिसऱ्यांदा विचारलं, "तुले काय भेटते याच्यात?" संघमित्रा म्हणाली, "काही नाही." ते उत्तर बाईंना सगळ्यात जास्त खटकलं. ज्याला काही नको असतं तो माणूस चार मैल उन्हात येत नाही. भोपाळच्या त्या गृहस्थांनीही अगदी असंच म्हटलं होतं. चौथ्यांदा मात्र बाई म्हणाल्या, "रविवारी ये. नवी प्रत करून ठेवतो."

नवी प्रत करायला त्यांना चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत त्यांनी यादीत तीन पुस्तकं घातली, जी कुठंच नव्हती. "वैनगंगाकाठची धानाची बियाणी." "लांजीच्या बाजाराची हकिकत." "बैहरकडील घरगुती औषधी." लेखकांची नावंही शोभतील अशी घातली. दाखल क्रमांक दिले ते वाळवीनं खाल्लेल्या आणि केव्हाच रद्द झालेल्या पुस्तकांचे, ४४१७, ४४२०, ४४३१. कपाट अकरा. आता कुणी यादी उचलून आपल्या नावानं छापली, की बाई त्याला विचारणार होत्या, ही तीन पुस्तकं दाखव. बऱ्याच वर्षांनी त्यांना गाढ झोप लागली.

यादी चढली. प्रत्येक नोंदीखाली लहान अक्षरात त्यांचं नाव आलं. संघमित्रानं फोनवर दाखवलं तेव्हा बाईंनी चष्मा सारखा करून पाहिलं आणि म्हणाल्या, "आज आहे."

चार महिने काही झालं नाही. बाई अधूनमधून शेजारच्या मुलीच्या फोनवर पाहत आणि चोर आला नाही म्हणून थोड्या हिरमुसत. मग एका मंगळवारी सकाळच्या गाडीनं लामत्याहून राखी नावाची मुलगी विद्यापीठात आली. शेतीचं शिकणारी. तिला जुन्या धानाच्या जातींवर लिहायचं होतं आणि यादीत नेमकं तेच पुस्तक दिसलं होतं. देवघेवीच्या खिडकीवर तिनं चिठ्ठी दिली. शिपाई पुनाराम उकेनं अकरा नंबरचं कपाट उघडलं, वरून खालपर्यंत पाहिलं, पुस्तक नव्हतं. राखी संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिली आणि परत गेली. घरी गेल्यावर तिनं प्रोग्रॅमच्या पानावर लिहिलं. तिथं चूक कुणालाही मांडता येत असे. "४४१७ जागेवर नाही." मुलं आसपासचे क्रमांकही शोधायला लागली. ४४२० नव्हतं. ४४३१ पण नव्हतं. कटंगीच्या वाचनालयाच्या महागू गुरुजींनी लिहिलं, "तिन्ही एकाच कपाटातली, हे जरा विचित्र आहे."

वीरेंद्रबाबूंना त्यात काहीच विचित्र वाटलं नाही. किल्ली पुनारामकडं होती.

पुनाराम बाईंच्या घरी आला तो भर दुपारी. चपला काढून उंबऱ्याबाहेरच बसला.

"आत ये ना. काहून उन्हात बसला?"

"बरा आहो इथंच." त्यानं टॉवेलनं मान पुसली. "बाई, ते बियाण्याचं पुस्तक. वीरेंद्रबाबू म्हणते, आठ दिवसांत तिन्ही आणून दे, नाई तं रिटायरमेंटचा कागद अडवतो. मार्चमधी रिटायर होतो ना मी. म्हणते, उन्नीस साल से चाबी तेरे पास है, और किसके पास जाएगी."

बाईंच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर वीरेंद्रनं याला माझी परीक्षा घ्यायला तर नाही पाठवलं? संशयाची सवय अशी असते. समोर घामानं भिजलेला तीस वर्षांचा सोबती बसला होता, आणि त्या त्याच्या मागच्या फाटकात कुणी उभं आहे का ते पाहत होत्या.

"तू काय म्हटलं मंग?"

"काय म्हणू. कपाट तीनदा खाली केलं. बारा नंबरचंही केलं. नाई भेटत." त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला. "लाल पुठ्ठ्याचं होतं ना, बाई? वरतं बैलाचं चित्र? मले दिसते डोळ्यापुढं. मीच कोण्या मास्तराले देल्लं असंन अन् रजिस्टरवर चढवाचं राह्यलं असंन."

"तुले खरंच आठवते?"

"तुमच्या यादीत आहे म्हणजे होतंच ना. तुमची यादी कधी चुकली? माहीच आठवण आता भुसा झाली." तो हसला. "घरची म्हणते, चावी डोक्याखाली घेऊन झोपत होते अन् पुस्तकं उडून गेली."

बाई पाणी आणते म्हणून आत गेल्या आणि माठाजवळ नुसत्या उभ्या राहिल्या. चोरासाठी लावलेला फास होता तो. त्यात हा अडकला, आणि चूक आपलीच असं समजून स्वतःलाच दोष देत होता.

दुसऱ्या दिवशी त्या संघमित्राच्या खोलीत गेल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. "तीन ओळी काढून टाक. काहून, ते इचारू नको."

संघमित्रानं हातातले पेपर बाजूला ठेवले. "काढते. पण काढलेलं दिसतं, बाई. कोणी काढलं, कधी काढलं. कपाटातून पुस्तकं गेली, मग यादीतूनही गेली. लोक म्हणतील पुनारामभाऊंनी विकली आणि मेश्राम मॅडमनं झाकलं."

"कारण नाई लिहाचं?"

"न लिहिता चालतं. पण मग जो तो आपल्या मनाचं कारण लावेल."

बाई बसल्या. खिडकीबाहेर मुलं क्रिकेट खेळत होती, त्यांच्याकडं पाहत त्यांनी सगळं सांगितलं. भोपाळचे गृहस्थ, प्राचार्य, चार दिवसांची नवी प्रत.

"म्हणजे मला पकडायला," संघमित्रा म्हणाली.

"तुले नाई. कोणालेही."

"यादी तर मीच मागत होते. चार वेळा आले मी तुमच्या घरी."

संघमित्रानं संगणक बाईंकडं फिरवला. बाईंना वाटलं ती विचारेल, मी लिहून देऊ का. तिनं विचारलं नाही. पुन्हा पेपर तपासायला घेतले. बाईंनी एका बोटानं एकेक अक्षर शोधत पाऊण तासात लिहिलं.

"४४१७, ४४२० आणि ४४३१ ही पुस्तकं कधीही नव्हती. यादी कुणी चोरली तर ओळखता यावी म्हणून मी ती मनानं घातली. पुनाराम उके यांचा काही दोष नाही. राखी यांना लामत्याहून फुकट यावं लागलं, त्यांची माफी मागते. दुर्गाबाई भोयर, निवृत्त ग्रंथपाल."

"हे कोण कोण वाचीन?"

"ज्याला वाचायचं तो."

बाईंनी बटण दाबलं.

वीरेंद्रबाबूंनी पुनारामचा कागद सोडला, त्याला एक शब्द न बोलता, आणि स्टाफरूममध्ये आठवडाभर बाईंची गोष्ट नक्कल करून सांगितली. राखीनं "ठीक आहे, आजी" एवढंच लिहिलं. महागू गुरुजींनी मात्र सभ्य भाषेत विचारलं, "कळवल्याबद्दल आभार. पण मग उरलेल्या अकराशे चाळीस नोंदींवर भरवसा कसा ठेवायचा?" त्याच संध्याकाळी मुलांनी बाईंच्या प्रत्येक नोंदीपुढं एक खूण टाकली. तपासणी बाकी.

ते पाहून बाई तावातावानं पुन्हा विद्यापीठात गेल्या. तीन खोट्या होत्या, कबूल. पण बाकीची सगळी खरी, त्यांच्या हाताखालून गेलेली.

"असतील," संघमित्रा म्हणाली. "पुस्तक हातात घेऊन दोघांनी पाहायचं, मग खूण निघेल. एकट्याच्या शब्दावर नाही निघत. माझ्याही नाही."

"दुसरं कोण?"

"किल्ली ज्यांच्याकडं आहे ते."

सोमवारी सकाळी पुनाराम अकरा नंबरच्या कपाटापाशी उभा होता. बाईंनी त्याच्याशी काय बोलायचं ते घरून ठरवून आणलं होतं, पण आधी तोच बोलला. "म्या तं नुसतं एकच इचारतो. नव्हतं, तं मले दिसत काहून होतं?"

बाईंनी हातातली यादी उघडली. खुणा काढायला शेजारच्या टेबलाशी संगणकापुढं बसलेल्या मुलीनं खाली मान घातली.

"काढ," बाई म्हणाल्या आणि पहिला क्रमांक वाचला.

तीस वर्षं हे असंच चाललं होतं. त्या क्रमांक सांगत, तो पुस्तक उपसून त्यांच्या हातात देई. उघडून पाहायचं काम बाईंचं. आज त्यानं पुस्तक काढलं, धूळ झटकली, बाईंनी हात पुढं केला, पण त्यानं ते दिलं नाही. शिक्क्याचं पान उघडलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला, आकड्यावर बोट ठेवलं. मग नावाचं पान उघडून एकेक अक्षर जोडत वाचलं. मग बाईंच्या हातातली यादी स्वतःकडं वळवून त्यातली ओळ पाहिली, आणि पुन्हा पुस्तक पाहिलं. बाई हात पुढं करून उभ्याच होत्या.

"हौ," तो टेबलाशी बसलेल्या मुलीला म्हणाला. "हे आहे." आणि मग पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

बाईंनीही शिक्का पाहिला, नाव पाहिलं. "आहे," त्या म्हणाल्या.

पुढचा क्रमांक पुनारामनं वाचला.