झिप्री बसली

बांगलादेशची लढाई संपली आणि आसारामचा मेव्हणा सूर्यभान फौजेतून रजेवर आला. येताना त्याने अकोल्याच्या स्टँडवर सापडलेलं एक केसाळ पिल्लू गोणपाटात गुंडाळून आणलं. नाव पडलं झिप्री. आठ दिवसांत झिप्रीने दांडीवरचं लुगडं खाली ओढलं, दोन चपला खाल्ल्या आणि कोंबड्यांना छपरावर राहायला लावलं.

"पुढच्या बाजारापस्तोर हिला वळण लावा," कडूबाईने नवऱ्याला बजावलं, "न्हाई तर राजूरला नेऊन कुनाच्या तरी पदरात घालते."

आसारामने काठी उचलली. सूर्यभानने ती वरच्यावर धरली.

"दाजी, काठीनं ती निस्ती काठीला भ्याल. आमच्या छावणीत कुत्री शिकवत्यात, मी रोज बघतो. मनासारखं केलं की त्याच क्षनाला घास द्यायचा. चुकलं तर गप ऱ्हायचं."

"आन् घास कशाचा?"

"जे तिला लई आवडतं त्याचा."

झिप्रीला सुकट आवडायची. आसारामने बंडीचा खिसा सुकटीने भरला आणि खळ्यात जाऊन बसला. चिमटीतली सुकट तिच्या नाकावरून हळूच मागे नेली. तिचं नाक वर गेलं, मान वर गेली आणि ढुंगण आपसूक जमिनीला टेकलं.

"बस!" म्हणत त्याने सुकट तिच्या तोंडात घातली.

झिप्री चकित झाली. आसाराम तिच्याहून जास्त चकित झाला. पंचेचाळीस वर्षांत त्याचं एवढं पटकन कुणी ऐकलं नव्हतं; बैलसुद्धा आधी विचार करायचे. त्याने परत करून पाहिलं, पुन्हा बसली! चौथ्या दिवशी सुकट दाखवायचीही गरज उरली नाही, नुसतं "बस" म्हटलं की झिप्री पाटलिणीच्या ऐटीत बसायची. मग "ये" झालं. तो खळ्याच्या या टोकाला, सूर्यभान त्या टोकाला. एकाने हाक मारायची, ती कान उडवत धावत यायची, सुकट खायची, की दुसऱ्याने हाक मारायची. शेवटी दोघे बाप्ये हसून हसून पेंढ्यावर आडवे झाले आणि झिप्री त्यांच्या अंगावर.

"दोगं बी येडं झालं," कडूबाई म्हणाली. पण दारातून हलली नाही.

बाजाराच्या आदल्या दिवशीच लेकीचे सासू-सासरे, बनुबाई आणि राधाकृष्ण, पाहुणे म्हणून आले. कोंबडीचा रस्सा झाला, भाताचा ढीग झाला. कडूबाई आग्रहाने वाढायला लागली.

"बस, बस!" राधाकृष्णांनी ताटावर हात धरला.

झिप्री त्यांच्यासमोर येऊन बसली.

"अवं, एवढा तरी घ्या," कडूबाई.

"बस म्हनलं ना!"

झिप्री आणखी ताठ बसली आणि आसारामकडे बघायला लागली. बक्षीस द्यावं तर व्याह्यासमोर शोभत नाही, न द्यावं तर पिल्लाचा विश्वास जातो. त्याने गुपचूप सुकट टाकली.

"पाव्हणं, हे काय?" राधाकृष्णांनी विचारलं.

"तुमी बस म्हनलात. तिनं ऐकलं."

राधाकृष्णांनी झिप्रीकडे पाहिलं, ती उभी राहताच हळूच "बस" म्हणाले, आणि ती बसल्यावर असे हसले की ठसकाच लागला. पुढचं अर्धं जेवण ते जेवलेच नाहीत. बनुबाई पदरात तोंड खुपसून गदागदा हलत होती.

त्या हसण्यात राधाकृष्णांचा हात लागून त्यांचा खुंटीवरचा पटका खाली पडला. झिप्रीने तो तोंडात धरला आणि ती सुटली. लाल पटका उलगडत भाताच्या मोकळ्या खाचरातून निघाला. त्याच्यामागे राधाकृष्ण, त्यांच्यामागे झाडू घेतलेली कडूबाई, तिच्यामागे सूर्यभान. झिप्रीला वाटलं, खेळ आहे. ती जास्तच पळाली.

"पळू नगा कुनी!" आसाराम ओरडला. सगळे जागच्या जागी थांबले.

तो बांधावर झिप्रीकडे पाठ करून उकिडवा बसला. खिशात हात घातला आणि मऊ आवाजात म्हणाला, "झिप्रे, ये."

क्षणभर काहीच झालं नाही. मग त्याच्या कोपराखालून ओलं नाक आत शिरलं. पटका पायाशी पडला होता, मातीने माखलेला. आसारामने रागाचा एक शब्द काढला नाही. चांगली मूठभर सुकट तिच्यासमोर धरली.

"चोरी करून वर बक्षीस?" कडूबाई धापा टाकत म्हणाली.

"चोरीचं न्हवं गं. आली त्याचं."

कडूबाईने झाडू बांधावर ठेवला. मग पदर खोचून ती दहा पावलं लांब गेली, खाली बसली आणि लाजत, इकडेतिकडे बघत म्हणाली, "झिप्रे, ये गं."

"अक्का, हात रिकामा हाय तुजा!" सूर्यभान हसला.

"मंग दे की मेल्या, लवकर!"

त्याने पळत जाऊन तिच्या हातावर सुकट ठेवली, तोवर झिप्री तिच्या मांडीवर पोचलीसुद्धा होती. राधाकृष्ण मातीने भरलेला पटका तसाच डोक्याला गुंडाळून आपली पाळी कधी येते म्हणून रांगेत उभे होते.