बहिरमचे आठ दिवस

“आठ दिवस त लागतेच,” पुंजारामनं बशीत चहा ओतता ओतता निकाल दिला. “त्याच्या खाली बहिरमले जाणं मंजे लग्नात जाऊन अक्षता टाकल्या अन् घरी आलो.”

“जेवाले त भेटते ना?” खुशालराव म्हणाले.

“जेवाले भेटते. गमाले नाई भेटत.”

पुंजाराम हा खुशालरावांचा मेहुणा. भातकुलीला त्याची काळी जमीन होती, दोन बैलजोड्या होत्या आणि एक राहुटी होती. ही राहुटी दर हिवाळ्यात बहिरमच्या जत्रेत उभी राही. जत्रा महिनाभर चाले. माणसं तिथं चुली, मडकी आणि म्हाताऱ्या घेऊन संसार थाटत. देवाला नैवेद्य झाला की आकाशपाळणा, सर्कस आणि तंबूतला सिनेमा यांच्याकडे वळत. महिनाभराची जत्रा असल्यामुळे बहिरमला जायचं की नाही, हा वाद अमरावतीकडे कोणी घालत नसे. वाद असे तो किती दिवस जायचं याचा. एकसष्ट सालच्या डिसेंबरात तो खुशालरावांच्या ओसरीवर सुरू झाला होता.

“दोन दिवस,” खुशालराव म्हणाले.

“जवाईबुवा, दोन दिवसांत त माहे बैल थकवा काढत नाईत.”

“बैलाले जीनात जा लागत नाई.”

खुशालराव बडनेरा रोडवरच्या एका जीनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर होते. शेतकऱ्यांच्या गाड्या कापूस घेऊन येत आणि खुशालराव तो मोजून आत सोडत. कापसाचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत असतो आणि जत्रा नेमकी त्याच्या मधोमध येते. उन्हाळ्यात जीन बंद असे. तेव्हा खुशालरावांना हवी तेवढी सुट्टी असे. पण उन्हाळ्यात बहिरमला देव सोडून कोणी नसतं. आपल्याशिवाय जीन दोन दिवसांवर चालत नाही, असं ते घरात सांगत. याला पुरावा असा होता की, ऐन हंगामात ते दोन दिवसांवर कधी गैरहजर राहिलेच नव्हते.

“मी बोलू काय?” चुलीजवळून त्यांच्या बायकोनं, मनकर्णाबाईंनी, विचारलं. विचारलं म्हणजे बोलायला लागल्याच. “पयला दिवस राहुटी गाडण्यात जाते. दुसरा देवाचा. रोडगे भाजा, हंडी चढवा, निवद दाखवा. तिसऱ्या दिवशी गावचे पावणे येते, त्यायच्या पंगती. माहे दिवस चौथ्यापासून लागते. आजवर कदीच लागले नाईत. तिसऱ्या दिवशी मी भांडे घासले, का हे गाडी जुपाले सांगते.”

“तुहे दिवस मंजे?” नवऱ्यानं विचारलं.

“मंजे पाळण्यात बसाचं.”

पुंजारामला चहाचा ठसका लागला. “बाई पाळण्यात बसते! या वयात?”

“काहून? तुह्या बापाचा हाये काय पाळणा?”

“आपला बाप एकच हाये, बाई.”

“मंग माह्याही हाये.”

त्यांची दहा वर्षांची लेक जमुना टाळ्या वाजवू लागली आणि खुशालरावांनी माघार घेतली. “आठ मांगून पाह्यतो,” ते म्हणाले.

ही माघार वाटते तितकी मोठी नव्हती. जीनात रजा मागण्याची एक रीत होती. मुनीमजी मागितलेल्याच्या निम्मे दिवस देत, म्हणून माणसं हवे त्याच्या दुप्पट मागत. ही रीत इतकी मुरली होती की, खरा आकडा सांगणारा माणूस लबाड वाटे. आठ मागितले की चार मिळणार, हे धरून चालायचं. त्यातही खुशालरावांचा अंदाज असा होता की, ऐन हंगामात मुनीमजी चारालाही कुरकुर करतील, ‘खुशालराव, तुम्ही गेल्यावर काट्याचं कसं?’ म्हणतील, आणि मग दोनावर समेट होईल. मुनीमजींचं ते वाक्य ऐकायला ते खरं तर उत्सुक होते. त्यावर काय बोलायचं तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते गादीसमोर उभे राहिले.

“मुनीमजी, रजा पायजे होती. बहिरमले जाचं हाये.”

“कब से?” मुनीमजी पान लावत होते.

“सोमवारपासून. आठ दिवस.”

“जाओ.”

खुशालरावांना वाटलं, आकडा ऐकू गेला नसावा. “आठ दिवस मनलं मी.”

“हाँ हाँ, सुना. बालबच्चे लेके जाओ. सूर्यभान बैठ जाएगा काटे पर.” मुनीमजींनी पानाला चुना लावला. “दस चाहिए तो दस लो.”

सूर्यभान हा दिवाळीलाच लागलेला मॅट्रिक पास तरुण होता. खुशालराव बाहेर आले. गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली होती. तिच्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

“भेटली?” घरी बायकोनं विचारलं.

“भेटली.”

“किती?”

“आठ.”

जमुना ओरडत शेजारी सांगायला पळाली. मनकर्णाबाई हातातलं पीठ तसंच ठेवून उभ्या राहिल्या. “आठच्या आठ? मुनीमजी मानले कसे?”

खुशालरावांनी टोपी खुंटीला लावली. “मानत नव्हते. तुमच्याबिगर काटा कसा चालन, मनत होते. लय झिकझिक झाली. शेवटी मी मनलं, घरचे लोक नाराज होते.”

“बरं केलं,” मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांना नवऱ्याचा अभिमान वाटला. तो त्यांनी त्या संध्याकाळी वांग्याच्या भाजीत जास्तीचं तेल घालून व्यक्त केला.

जत्रेचे पहिले दोन दिवस मनकर्णाबाईंनी सांगितल्याप्रमाणे गेले. राहुटी गाडताना पुंजाराम आणि खुशालराव यांच्यात वारा कुठून येतो यावरून मतभेद झाले. वारा दोघांनी सांगितलेल्या बाजू सोडून तिसरीकडून आला. दुसऱ्या दिवशी गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले, मडक्यात मटणाची हंडी शिजली, देवाला नैवेद्य झाला. मनकर्णाबाईंचे डोळे धुरानं लाल झाले होते; पण त्या गुणगुणत होत्या. पाणी आणायला जाताना त्या पाळण्याकडून जात आणि तो थांबवून कसा भरतात ते पाहून येत. “वरच्या पेटीतून परतवाडा दिसते मनते,” त्यांनी जमुनाला सांगितलं. “आपण दोनदा बसू. एकदा भ्या वाटाले, एकदा पाहाले.”

खुशालरावांना मात्र जत्रा लागू पडत नव्हती. कापसाची रिकामी गाडी दिसली की ते तिच्या मालकाला कुठल्या जीनात माल टाकला ते विचारत. पुंजाराम म्हणाला, “जवाईबुवा, सर्कशीत वाघ आला हाये. तुमी बैल काहून पाहून राह्यले?”

तिसऱ्या दिवशी पाहुणे आले. राहुटी लावली की गावच्या माणसाला जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, असा तिथला कायदा आहे. दुपारी दुसऱ्या पंगतीला भातकुलीचे वामनराव बसले होते. त्यांनी रोडगा हातावर फोडला आणि खुशालरावांना पाहून आनंदाने म्हणाले, “अरे, तुमी इथं! मी काल कापूस टाकून आलो तुमच्या जीनात.”

खुशालराव वाढायचं थांबून खाली बसले. “काय हाल हाये? रांग लय असन?”

“कायची रांग! तुमचा तो नवा पोट्टा हाये ना, सूर्यभान. वाघ हाये! गेलो न गेलो त गाडी खाली. पयले आमी तिथं भाकर खाऊन झोप काढो. काल त बैलाले पाणी पाजाले वेळ नाई भेटला.”

“बरं झालं,” खुशालराव म्हणाले.

“मुनीमजी मले मनत होते,” वामनराव वरण ओतून घेत उत्साहाने पुढे गेले, “खुशालरावाले दहा दिवस देऊन राह्यलो होतो, आठच घेतले.”

पंगतीत कोणी तरी हसलं. वामनरावांचा हेतू चांगला होता. यजमानाशी त्याच्या धंद्याचं बोलावं एवढंच त्यांच्या मनात होतं. मनकर्णाबाई हंडी घेऊन पाठीमागेच उभ्या होत्या. त्यांनी सर्वांना वाढलं. नवऱ्याच्या जवळ आल्यावर त्यांच्याकडे न पाहता पुढे गेल्या.

खुशालराव त्या दुपारी जेवले नाहीत. पोट बरोबर नाही म्हणाले आणि रस्त्याच्या कडेला जाऊन बसले. संध्याकाळी भांडी घासून झाल्यावर मनकर्णाबाई पदराला हात पुसत त्यांच्याजवळ आल्या. मागं पाळण्याचे दिवे लागले होते.

“वामनरावाची गाडी लहान होती,” खुशालराव आपण होऊन म्हणाले. “म्हून लवकर खाली झाली.”

“लहानच हाये. मी पाह्यली.” त्या खाली बसल्या. “एक सांगा. घाईघाईत त्या पोट्ट्याच्या हातून काटा बिघडला त?”

“बिघडू शकते.”

“मंग मुनीमजी कोणाच्या नावानं बोंबलतीन?”

खुशालरावांनी पहिल्यांदा मान वर केली. “माह्याच.”

“मंग काहून बसून राह्यलो आपण इथं?”

“अवं, पण तुहे दिवस त उद्यापासून लागते ना.”

“मले इथं गमूनच नाई राह्यलं,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “धूर, धूळ, रात्रंदिवस भोंगे. डोक्शात घण पडून राह्यले. पाळण्याचंही पाह्यलं मी. वरून कायचा परतवाडा दिसते? धुकंच धुकं. उद्या सकाळी निंगू.”

खुशालराव बायकोच्या म्हणण्यापुढे सहसा नमत नसत. त्या संध्याकाळी लगेच नमले. “तू मनतं त जाऊ,” ते म्हणाले.

पुंजारामला हे कळलं तेव्हा त्यानं भाल्यासारखी काठी जमिनीत रोवली. “बाई, तुह्यं डोकं ठिकाणावर हाये का? महिनाभर माह्या कानाशी चौथा दिवस, चौथा दिवस करून राह्यली होती!”

“मले गमत नाई त काय करू?”

“बहिरमले न गमणारी बाई मी जन्मात पाह्यली नाई.”

“मंग आता पाहून घे.”

जमुना रडली, म्हणून तिला मामाजवळ ठेवलं. चौथ्या दिवशी सकाळी दोघं एस.टी.त बसले. जत्रा अजून उठली नव्हती. पाळणा बंद होता आणि त्याच्या रिकाम्या पेट्या वाऱ्यानं थोड्या थोड्या हलत होत्या. मनकर्णाबाईंची खिडकी त्याच बाजूला आली. त्यांनी गाडी सुटायच्या आत नवऱ्याशी जागा बदलून घेतली. ऊन लागतं म्हणाल्या.

घरासमोर शेजारच्या इंदूबाई गहू निवडत होत्या. “कावं, एवढ्यात वापस? आठ दिवस सांगून गेली होती ना?”

“काय सांगू, बाई,” मनकर्णाबाई सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “जीनातून निरोपावर निरोप. यायच्याबिगर काटाच हालत नाई मनते. नोकरी हाये. जा त लागते.”

खुशालराव दाराशी पाठमोरे होते. कुलूप काढायला त्यांना जरा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी ते कोट घालून, डबा घेऊन वेळेवर जीनात गेले. काट्यावर सूर्यभान होता. तो चटकन उठून उभा राहिला. “काका, तुमी! जत्रा आटपली?” पोरगा इतका अदबीनं बोलला की त्याच्यावर रागावताही येईना.

“मनलं, पाहून यावं.”

मुनीमजींनी चष्म्यावरून पाहिलं. “अरे भाई, छुट्टी चल रही है तुम्हारी. मंगलवार को आना.”

“आलोच हाओ त बसतो काट्यावर.”

“एक काटे पर दो आदमी क्या करेंगे?” मुनीमजींनी विचारलं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. खुशालरावांनी डबा उचलला.

घर जवळ होतं. परंतु घरच्या हिशेबानं जीन आता त्यांच्यामुळेच चालू होतं. म्हणून खुशालराव उलट्या दिशेनं चालू लागले आणि बडनेऱ्याला स्टेशनवर जाऊन बाकावर बसले. मालगाडीत कापसाच्या गाठी चढत होत्या. दुपारी त्यांनी डबा उघडला. एका हमालानं विचारलं, “मामा, कोणत्या गाडीनं जाचं हाये?”

“कोणाले घ्याले आलो.”

“कोणती गाडी?”

“लेट हाये,” खुशालराव म्हणाले.

जीन सुटायचा भोंगा होण्याच्या सुमारास ते घरी आले. मनकर्णाबाईंनी पाण्याचा तांब्या दिला. “लय काम पडलं होतं?”

“साचलं होतं.”

“त्या पोट्ट्यानं काटा बिघडवला होता ना?”

“थोडासा. केला दुरुस्त.”

“मी मनलंच होतं,” त्या म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याचा कोट खुंटीवरून काढला.

जीनात काम करणाऱ्या माणसाच्या कपड्यांत रुई शिरते. शिवणीत बसते, कॉलरखाली बसते. हंगामात रोज संध्याकाळी मनकर्णाबाई तो कोट अंगणात नेऊन झटकत आणि पांढरे तंतू शेजारपाजारच्या अंगणांत उडत. आज कोटावर रुईचा एकही तंतू नव्हता. खांद्यांवर आणि बाह्यांवर इंजिनाच्या कोळशाची काळी बारीक भुकटी मात्र बसली होती. मनकर्णाबाईंनी ती दारातल्या उजेडात पाहिली. मग त्या अंगणात गेल्या. इंदूबाई समोरच बसल्या होत्या. मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडे पाठ केली, कोट दोन्ही हातांनी धरला आणि रोजच्यासारखाच फाड फाड झटकला. चार झटके जास्तच दिले.