आठ बाय आठ

रस्त्यासाठी वस्ती पाडली, तेव्हा चाळीस कुटुंबांना पत्र्याच्या खोल्या मिळाल्या. दहा बाय बारा. "दीड वर्षाची सोय आहे, मग पक्की घरं," असं कचेरीतल्या साहेबांनी सांगितलं. त्यांतला मिस्त्री पडला सुतार माणूस. त्यानं त्या मापाच्या खोलीसाठी म्हणून एक खाट काढली. सकाळी उचलून भिंतीला लावली की तिच्या पोटातून टेबल खाली यायचं. पायाशी दोन खोकी. आत कपडे ठेवा, वर बसा. सगळं बोल्टवर, अर्ध्या तासात सुटणारं. बघता बघता घरोघर तीच खाट झाली. "आमच्या ह्यांनी अख्ख्या वस्तीला झोपवलं," बायको हसून सांगायची.

दीड वर्षाची नऊ वर्षं झाली. नवव्या वर्षी बायकोचं अर्धं अंग लुळं पडलं आणि खाट भिंतीला लागायची ती कायमची थांबली. टेबल गेलं, दार अर्धंच उघडू लागलं. बारावीतली लेक पायरीवर बसून अभ्यास करायची. मिस्त्रीनं खाट वीतभर अरुंद केली, तिच्या कडेला लेकीसाठी घडीची फळी बसवली.

"आता कूस वळता येत नाही हो," बायको अडखळत म्हणाली.

"थोडे दिवस काढ. घर मिळालं की पलंगच करतो तुला."

पावसाळा सरता सरता कचेरीतला माणूस कागद घेऊन आला. घरांची जागा दुसऱ्याच कामाला गेली होती. या खोल्याही रिकाम्या करायच्या. नव्या खोल्या गावाबाहेर, आठ बाय आठ.

"किती दिवसांसाठी?"

"ते माझ्या हातात नाही, काका."

मिस्त्री जाऊन माप घेऊन आला. चार दिवस तो कागदावर रेघा मारत बसला. माळा काढून बघितला, तर डोकं पत्र्याला टेकत होतं. खाटेखाली सरकतं अंथरूण घातलं, तर चुलीला जागा उरत नव्हती. पाचव्या दिवशी लेकीनं कागद हातात घेतला.

"बाबा, यात मी कुठंय?"

मिस्त्री पेन्सिलीला टोक काढत राहिला.

"आत्या कधीची बोलावतेय," तीच म्हणाली. "तिच्या पोरांना सांभाळायला कुणीतरी हवंच आहे."

"आणि परीक्षा?"

"बघू पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षीचं दोघांनाही ठाऊक होतं. लेक गेली त्या दिवशी बायकोनं भिंतीकडे तोंड केलं, ते दिवसभर वळवलं नाही.

नव्या खोलीत सामान लागतंय न लागतंय, तोच शेजारीण दारात आली.

"भाऊजी, आमच्याकडेही असंच काहीतरी बसवून द्या ना."

"माणसं किती?"

"पाच."

मिस्त्रीनं तिची खोली आडवी-उभी मापली, पुन्हा एकदा मापली.

"नाही बसत, वहिनी," तो म्हणाला. "तीन बसतील, तेही तुमची खाट दिवसा उचलता येते म्हणून."

शेजारीण हळूच म्हणाली, "मग कुणाला पाठवू?"