नानांचा हात आणि थोरल्याचे ढग

थोरला घरात शिरला तो थेट मागच्या खोलीत. ना आईला "कशी आहेस", ना बापाला "बरं वाटतंय का". खांद्यावरची पिशवी खाली टाकली आणि टेबलाखाली वाकून कॉम्प्युटरच्या वायरी उपसायला लागला. तो आणायला ह्याला कुणी सांगितलं नव्हतं, आता न्यायला कुणी बोलावलं नव्हतं. पण ह्या पोराची तऱ्हाच तशी. द्यायचं तेही आपल्या मनानं आणि काढून घ्यायचं तेही आपल्या मनानं. ज्याला दिलं त्यानं मधल्या मध्ये "वा, वा" म्हणायचं.

"ती वायर खाली ठेव," आक्का दारातून म्हणाली. आईला तो आक्काच म्हणायचा. शिलाईवरून उठून आली होती, गळ्यात मापाची टेप तशीच होती.

"आक्का, आता पुरे करू या हे. तू रोज बघतेस ना? खेळातलं विमान चढतं, फिरतं आणि उतरताना धाडकन आपटतं. मग नाना दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडतात. काल फोनवर रडले माझ्याजवळ."

"माझ्याजवळ नाही रडले."

"तुझ्याजवळ रडायची कुणाची छाती आहे?"

आक्काला हसू आलं होतं, ते तिनं गिळलं. भांडताना हसलं की अर्धं भांडण हातचं जातं.

नाना खाटेवर भिंतीकडे तोंड करूनच पडले होते. आयुष्यभर विमानतळावर नोकरी केली, पण विमानात कधी बसले नाहीत. विमान जमिनीवर उतरून आलं की त्याच्यासमोर हातात दोन केशरी बॅट घेऊन उभं राहायचं, हातवारे करत ते धूड आखलेल्या जागेवर आणायचं आणि डोक्यावर हातांची फुली करून थांबवायचं, हे त्यांचं काम. त्या हातांकडे बघून विमानं जागच्या जागी थांबायची. त्यातला उजवा हात मागल्या साली अर्धांगाच्या झटक्यानं लुळा केला. जीभही जड झाली. व्यायामवाली बाई येऊन हात ओढायची, वळवायची, आणि नाना दुसऱ्या कुणाचा तरी हात असल्यासारखे तो ओढू द्यायचे.

मग थोरल्यानंच आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला, त्यात विमान चालवायचा खेळ घातला, टेबलाला जॉयस्टिकचा दांडा बसवला. दांडा उजव्या बाजूला. नानांची बोटं आधी मिटेनात. मग मिटली. मग विमान धावपट्टीवर उतरायला लागलं आणि नाना जेवताना भात सांडेनासे झाले. व्यायामवाली म्हणाली, "माझ्या व्यायामापेक्षा हे बरं. सोडू देऊ नका. वापरला तर हात राहील, नाही तर जाईल."

हे पोराचं पुण्य आक्कानं कधी नाकारलं नाही. पण पुण्याला झालर लावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. नानांच्या वाढदिवसाला तो निम्मी भिंत झाकेल एवढा कॉम्प्युटरचा पडदा घेऊन आला. खेळातलं सगळं जितकं झकास दिसेल तितकं केलं, बापाला समोर बसवून फोटो काढला, दहा जणांना पाठवला आणि गेला. त्यानंतर काही दिवसांतच विमान रोज आपटायला लागलं आणि ते बघून व्यायामवाली मान हलवत म्हणाली की हात पुन्हा मागे चाललाय वाटतं. नानांनी ते ऐकलं आणि खरं मानलं.

"हात जातोय, आक्का," थोरला आता हळू आवाजात म्हणाला. "आपण मान्य करायला पाहिजे."

"नेऊ दे त्याला," नाना भिंतीलाच म्हणाले. "माझा हातच..."

"तुम्ही थांबा. सकाळी शर्टाची गुंडी कुणी लावली? मी? एवढ्याशा भोकात गुंडी घालणारा हात एवढी लांबलचक धावपट्टी चुकवतो होय?" आक्का थोरल्याकडे वळली. "तू बस खुर्चीवर."

"मी कशाला?"

"बस. तुझा हात धडधाकट आहे ना? उतरव विमान."

थोरला बसला. कॉलेजात असताना ह्याच मशीनवर परीक्षा सोडून त्यानं विमानं उडवली होती. त्यानं दांडा हलक्या हातानं धरला, पाय ताणले, आईकडे बघून जरा मिशीत हसलासुद्धा. विमान खाली यायला लागलं. खाली शहर, शहरावर ढगांच्या सावल्या, नदीच्या पाण्यात आभाळ. देखावा खरंच बघत राहावा असा. धावपट्टी डावीकडे सरकली. थोरल्यानं दांडा डावीकडे नेला. काही झालं नाही. त्यानं आणखी नेला. चित्र उचकी लागल्यासारखं अडकलं आणि मग विमान एकदम डाव्या कुशीवर कलंडलं. त्यानं घाईनं उलटा ओढला. तेही उशिरानं पोचलं. विमान एका इमारतीत घुसलं.

"थांब, थांब. पुन्हा."

पुन्हा बसला तो झाडांत गेला.

खाटेवरून खुसखुस ऐकू आली. नानांनी कूस बदलली होती आणि वाकड्या तोंडानं ते हसत होते. कितीतरी दिवसांनी.

"तुझाही हात गेला की रे," आक्का म्हणाली. "व्यायामवालीला फोन लावू? येता येता तुझंही बघेल."

थोरल्याचे कान लाल झाले. "हे अडकतंय. मशीन जुनं आहे, आक्का. एवढ्या मोठ्या पडद्यावर एवढं बारीक चित्र सारखं सारखं रंगवायला त्याला दम लागतो."

"म्हणजे हात आत्ता हलतो आणि दिसतं मागाहून."

"हो."

"दिसत नाही म्हणून हे आणखी हलवतात."

"हो."

"आणि दोन्ही मिळून एकदम येतं आणि विमान जातं खड्ड्यात. तुला ठाऊक होतं हे?"

थोरला कीबोर्डवरची धूळ बोटानं पुसायला लागला. "थोडं अडकतं एवढं ठाऊक होतं. पण दिसतं किती छान, बघ ना. ढगांच्या कडा बघ. मला वाटलं, नानांना बरं वाटेल."

"छान दिसतं," नाना म्हणाले. खोटं कशाला बोला?

"दिसतं ना. आपटताना तर फारच छान दिसतं. जुना पडदा कुठाय?"

"देऊन टाकला."

"देऊन टाकलास. शहाणा माझा. मग आता ह्याच पडद्यातली झालर उसव. मी इथंच उभी आहे."

थोरल्यानं सेटिंगचं पान उघडलं. त्यात नावांची ही रांग आणि प्रत्येक नावासमोर पुढे-मागे सरकणारी खुंटी. सगळ्या खुंट्या उजव्या टोकाला नेऊन ठेवलेल्या. त्यानं आधी चित्राचा बारीकपणा कमी केला. पडद्यावरची अक्षरं जाडीभरडी झाली.

"पोत्यासारखं दिसतंय," तो हळहळला.

"पोतं टिकतं. पुढे?"

"सावल्या."

"काढ. सावलीवाचून कुणाचं विमान अडलंय?"

"पाण्यातली प्रतिबिंबं."

"काढ. नदीत तोंड बघायला कोण जाणार आहे?"

"ढग."

"काढ."

"सगळे?"

"एक ठेव तुझ्यापुरता. काढ म्हटलं ना!"

"झाडं?"

आक्का क्षणभर घुटमळली. "निम्मी राहू देत. अगदीच बोडकं नको."

पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा होता. सेकंदाला किती चित्रं उमटतात ते तो सांगतो, असं थोरला म्हणाला. आकडा चढायला लागला. विमान आता आभाळात लोण्यातून सुरी फिरावी तसं वळत होतं. पण धावपट्टी जवळ आली आणि पुन्हा उचकी लागली, आकडा घसरला.

"ही विमानतळावरची गर्दी," थोरला म्हणाला. "गाड्या, सामानाच्या ट्रॉल्या आणि..." तो थांबला.

आक्कानं नानांकडे बघितलं. त्या नव्या थाटमाटात नानांना जीव लावावा असं एकच काही मिळालं होतं. खेळ सुरू झाला की विमानासमोर एक करंगळीएवढा माणूस उभा असायचा. अंगात झगझगीत जाकीट, दोन्ही हातांत केशरी बॅट. नाना त्याच्यावर रोज डाफरायचे. "कोपर वर. वर ठेव कोपर! असं ढिलं उभं राहतात होय?" आपटायच्या आधीची ती दोन मिनिटं त्यांची जीभ अडखळायची नाही.

"नुसत्या गाड्या काढून बघतो," थोरला म्हणाला.

गाड्या गेल्या. आकडा जरा हलला आणि पुन्हा बसला.

"नाना, माणसांची खुंटीही..."

"काढ," नाना म्हणाले. ते उठून बसले होते. "मला जागा माहिती आहे."

थोरल्यानं खुंटी डाव्या टोकाला नेली आणि खुर्ची सोडली.

नाना येऊन बसले. डाव्या हातानं उजव्याची बोटं दांड्यावर एकेक करून ठेवली. आक्कानं खुर्ची धरायला पुढे केलेला हात मागे घेतला. विमान खाली यायला लागलं, त्या जाड्याभरड्या, बिनसावलीच्या शहरावरून. दांडा हलला की विमान हलत होतं. नानांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी एकदा मुद्दाम डावीकडे, एकदा उजवीकडे हलवून बघितलं. मग जमीन आली. विमान टेकलं, बेडकासारखं उडालं, पुन्हा टेकलं, एक चाक गवतात घालून भरकटलं. पण विमान परत पट्टीवर आलं आणि तिथंच राहिलं.

त्यांनी ते सावकाश वळवलं, पिवळी रेघ धरून उभं करायच्या जागेपर्यंत नेलं. समोर कुणी नव्हतं. सिमेंटचं रिकामं मैदान. नानांनी थांबवलं.

"थोडं पुढे गेलं," ते नापसंतीनं म्हणाले आणि रिकाम्या जागेकडे बघत राहिले.

थोरल्यानं नाक ओढलं. आईला बाजूला घेऊन दबल्या आवाजात म्हणाला, "माझं चुकलं. पण खरं सांगू? शेवटी गवतात गेलं ते मशीनमुळे नाही गेलं. हात मंद झालेलाच आहे, आक्का. उद्या पुन्हा आपटतील, पुन्हा रडतील. तेव्हा काय करशील?"

आक्कानं आवाज दाबला नाही. नानांना ऐकू जावं असाच लावला.

"आपटू देत की! तो हात त्यांचा आहे. त्या हातानं आपटले तर त्याला शिव्या ते घालतील, मी चहा देईन, आणि पुन्हा बसवीन. मंद झालाय हे मला तुझ्याआधी कळलंय, रोज बटाटे सोलून घेते मी त्यांच्याकडून. पण तुझ्या ढगांपायी ह्या माणसानं पुन्हा एकदा जरी म्हटलं ना की माझा हात गेला, तर हा पडदा मी खिडकीतून खाली टाकीन, आणि तो कसा उतरतो ते तू रस्त्यात उभा राहून बघ."