हेमांगीचं स्थळ

सलिल गुप्तेने अंधेरीतली नोकरी सोडून ठाकुर्लीच्या राहत्या घरी इंटिरियर डिझाइनचा स्वतःचा धंदा सुरू केला, तेव्हा सगळ्यात आधी त्याने व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली. कार्डावर झोकात लिहिलं होतं, 'स्टुडिओ सलिल'. स्टुडिओ म्हणजे घरातलं जेवणाचं टेबल. जेवायच्या वेळी स्टुडिओ आवरून त्यावर ताटं मांडली जात, त्यामुळे कुणा ना कुणाच्या बेडरूमच्या नकाशावर आमटीचा एखादा ओघळ असायचाच.

घरून धंदा करायचा म्हणजे आपणच आपले राजे, अशी सलिलची समजूत होती. राजेसाहेबांचं पहिलं वर्ष बिल्डिंगची पार्सलं घेण्यात गेलं. 'सलिल काय, घरीच असतो,' ही बातमी सातही मजल्यांवर पोचली होती. कुणाचा गॅसचा सिलिंडर, कुणाची किल्ली, कुणाची शाळेतून लवकर सुटलेली पोरगी, सगळं राजदरबारी जमा होई. बायको सोनल ठाण्याला बँकेत होती. तीही सकाळी चपला घालता घालता म्हणे, "तू आहेसच घरी, तर जरा पाणी आलं की मोटर लाव, आणि शेवंतीताई आल्या की भाजी कुठली ते सांग." तोवर स्वयंपाकाच्या शेवंतीताई आलेल्या असत आणि त्याच सलिलला विचारत, "दादा, तुम्ही काम कधी करता हो?"

खरा घोळ वेगळाच होता. सलिलला नाही म्हणता येत नसे. गिऱ्हाईक जेवणाच्या वेळी फोन करून म्हणालं, की कपाटाचा रंग बदलू या, की हा तोंडात घास ठेवून म्हणणार, "हो हो, करून टाकू." उद्या नकाशे द्या म्हटलं, तरी, "हो हो." मग उद्या उजाडला की फोन उलटा करून ठेवायचा आणि आपण कलावंत माणूस आहोत, अशी स्वतःची समजूत घालायची.

हेमांगी जन्माला आली ती एका दाताच्या डॉक्टरांमुळे. कल्याणच्या या डॉक्टरांनी आपल्या दवाखान्याचं डिझाइन पुन्हा एकदा बदलायला सांगितलं आणि सलिल पुन्हा एकदा 'हो हो' म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला रडू यायचंच बाकी होतं. ड्रॉवरमध्ये त्याचा जुना फोन पडलेला, त्यात एक चालू सिमकार्ड होतं. कसं सुचलं कोण जाणे, त्याने त्या फोनवरून मेसेज टाकला: 'नमस्कार. मी हेमांगी, सलिल सरांच्या ऑफिसमधून. आपण मंजूर केलेल्या डिझाइनमध्ये आता बदल केल्यास काम लांबेल. तसे चालणार असल्यास लेखी कळवावे.'

पाठवलं आणि त्याला पंख्याखाली घाम फुटला. मिनिटभरात उत्तर आलं: 'सॉरी मॅडम. आहे तेच ठेवू.'

सलिलला कुणी आजवर सॉरी म्हटलं नव्हतं, सरही नाही.

त्या दिवसापासून हेमांगी कामाला लागली. ती फोनवर बोलत नसे. 'गैरसमज नकोत म्हणून आमच्याकडे सगळं लेखी असतं,' असं ती कळवी, आणि लोकांना त्याचं केवढं कौतुक! तिच्या मेसेजात शुद्धलेखनाची चूक नसे. सलिल एका ओळीमागे चार हसरे चेहरे टाकायचा. हेमांगी दसरा-दिवाळीला फक्त हात जोडायची. 'सर रविवारी काम करत नाहीत,' असं तिने परस्पर सगळ्यांना कळवून टाकलं आणि सलिलला बऱ्याच काळाने रविवार मिळाला. गंमत अशी, की तिने शब्द दिला की तो सलिलला पाळावा लागे. 'नकाशे गुरुवारी मिळतील' असं हेमांगी म्हणाली, की बुधवारी हा टेबलावर मान मोडून बसलेला. आपण सलिल गुप्तेला कधीच घाबरलो नाही, पण या बाईला घाबरतो, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

सोनलला सगळं ठाऊक होतं. ती म्हणाली, "मला पण तिचाच नंबर दे. तुला सांगितलेली कामं होत नाहीत, तिला सांगितलेली होतात."

त्याच सुमाराला उत्तराबाई वैद्यांचं काम आलं. उत्तराबाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. ठाण्यात टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत त्यांचा जुना फ्लॅट, घरात त्या आणि मुलगा ऋतुराज. त्यांना स्वयंपाकघर नवं करून घ्यायचं होतं. पहिल्याच भेटीत सलिल उशिरा पोचला, ओट्यासमोर उभं राहून त्याने हात हवेत फिरवले आणि म्हणाला, "बाई, इथे ना, एक फ्लो यायला हवा."

"पाण्याचा?" बाईंनी विचारलं.

"नाही, म्हणजे... एनर्जीचा."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. अशा नजरेखाली सलिल पूर्वी आठवीत उभा राहिला होता. घरी येऊन त्याने प्रकरण हेमांगीच्या हाती सोपवलं.

हेमांगीने विचारलं, 'बाई, आपली उंची किती? ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटताना कंबर दुखते का? रोजची भांडी कुठल्या हाताने काढता?' बाईंनी एकेका प्रश्नाचं सविस्तर उत्तर दिलं. बाई आणि हेमांगी यांचं छान जमलं. बाई तिला 'अगं' म्हणू लागल्या. एकदा बाईंनी लिहिलं, 'एक सांगते, ऋतुराजला ठाऊक नाही. माझा उजवा हात हल्ली थरथरतो. गरम भांडं उतरवताना भीती वाटते.' सलिल तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचत बसला. मग हेमांगीने लिहिलं, 'शेगडीच्या दोन्ही बाजूंना मोकळा ओटा ठेवू, म्हणजे भांडं उचलायला नको, नुसतं सरकवता येईल. आणि कडेला धरायला दांडी लावू. टॉवेलसाठी आहे असं सांगायचं.' बाईंनी उत्तर पाठवलं, 'शहाणी आहेस.'

सलिलला त्या दिवशी फार बरं वाटलं. आपल्याला नाही, हेमांगीला म्हटलंय, हे आठवून थोडं वाईटही वाटलं.

मग तो मंगळवार आला. सलिलचे केस कानाजवळ पांढरे होऊ लागले होते आणि स्टुडिओच्या मालकाला ते शोभत नाही, असं त्याचं मत होतं. सोनल कामावर, शेवंतीताई येऊन गेलेल्या. त्याने डोक्यावर काळा डाय थापला, जुना बनियन घातला, आणि रंग गळू नये म्हणून डोक्याला किराणा दुकानाची प्लास्टिकची पिशवी बांधली. तेवढ्यात जुना फोन वाजला. उत्तराबाई: 'हेमांगी, ऑफिसात आहेस का?' सलिलने काळ्या बोटाने उत्तर दिलं, 'हो बाई, दिवसभर आहे.'

थोड्याच वेळाने दाराची बेल वाजली. पार्सल असेल, म्हणून त्याने तसंच दार उघडलं. दारात उत्तराबाई. हातात डबा, खांद्याला पर्स, चेहऱ्यावर प्रसन्न हसू. सलिलच्या डोक्यावरची पिशवी बघून ते हसू जरा डळमळलं.

"गुप्ते?"

"बाई! तुम्ही? इकडे कुठे?"

"हेमांगीकडे आलेय. कार्डावर पत्ता होता. बोलवा तिला."

"ती... ती आत्ताच बाहेर पडली."

"असं? मला तर म्हणाली दिवसभर आहे. थांबते मी." आणि बाई सरळ आत येऊन स्टुडिओच्या खुर्चीवर बसल्या. दुसऱ्या खुर्चीवर सोनलचे वाळलेले कपडे होते. बाईंनी एकदा सभोवार बघितलं आणि म्हणाल्या, "ती बिचारी बसते कुठे?"

"इथेच. म्हणजे आम्ही आलटून-पालटून बसतो."

बाईंनी डबा टेबलावर ठेवला. "ओल्या नारळाच्या वड्या आहेत तिच्यासाठी. आता ती नाहीये ते एका अर्थी बरंच झालं. तुमच्याशी आधी बोलावं असं मनात होतंच. आमच्या ऋतुराजसाठी मला ती मुलगी पसंत आहे."

डोक्यावरच्या पिशवीतून एक थेंब सलिलच्या कानामागे ओघळला.

"पण बाई, तुम्ही तिला पाहिलेलंही नाही."

"पाहायचं काय? इतकी नीट वाक्यं लिहिणारी मुलगी आजकाल मिळते का कुठे? राहते कुठे?"

"टिटवाळ्याला."

"आडनाव काय?"

"राऊत," सलिल म्हणाला. कुठून आलं त्यालाही कळलं नाही.

"आमच्याकडे जातीबितीचं काही नाही हं," बाई म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पण कुठले राऊत?"

इथे सलिलने हात टेकायला हवे होते. पण झालं भलतंच. बाईंनी फोनवर ऋतुराजचा फोटो दाखवला. साधा, गोल चेहऱ्याचा, चष्मेवाला मुलगा. तो बघताच सलिलच्या आतला मुलीकडचा माणूस जागा झाला. आपल्या हेमांगीला असं कुणाच्याही गळ्यात कसं बांधायचं?

"मुलगा वेळ पाळतो का?" त्याने विचारलं. "कारण तिला उशीर चालत नाही."

"हे तुम्ही विचारताय, गुप्ते?"

"आणि घरात मदत करतो? ती रविवारी काम करत नाही."

बाई जरा चकित झाल्या. "हे सगळं तिच्याशीच बोललेलं बरं. कुठवर आलीय ते विचारते." त्यांनी मेसेज टाकला. टेबलावर नकाशांखाली टिंग झालं. बाईंनी नकाशांकडे बघितलं, मग सलिलकडे.

"फोन विसरून गेली वाटतं," सलिल म्हणाला.

बाईंनी शांतपणे नकाशे बाजूला केले. खाली जुना फोन. त्याच्या काचेवर काळ्या बोटांचे ठसे. बाईंनी सलिलच्या बोटांकडे पाहिलं. जन्मभर गणित शिकवलेलं, त्यांना उत्तर काढायला कितीसा वेळ लागणार?

"गुप्ते, हेमांगी कुठेय?"

सलिलने बोटं बनियनला पुसली. शेवटी म्हणाला, "बाई, ती मीच."

बाई हसतील किंवा ओरडतील, यांपैकी काहीही त्याला चाललं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे माझ्या हाताचं... ते तुम्ही वाचलंत."

"हो."

"मी ते एका मुलीला सांगितलं होतं."

सलिलने मान खाली घातली, तसा पिशवीतून आणखी एक थेंब पडला, तो थेट बनियनवर. इतके लाजिरवाणे आपण आयुष्यात कधी दिसलो नसू, असं त्याला वाटलं. आणि ते पिशवीमुळे नव्हे. "मी कुणाला बोललेलो नाही, बाई," तो म्हणाला. "बायकोलाही नाही. मला नाही म्हणता येत नाही, म्हणून ती काढली. मग ती सगळंच माझ्यापेक्षा बरं करायला लागली."

"ती दांडी कुणाला सुचली?"

"मलाच. म्हणजे... हो, मलाच."

बाईंनी त्याच्या डोक्यावरच्या पिशवीकडे पाहिलं. "आधी डोकं धुऊन या," त्या म्हणाल्या. "असं पिशवीशी बोलायला मला सुचत नाही."

सलिल बाथरूममध्ये घुसला. डाय जास्त वेळ राहिल्यामुळे कपाळावर आणि कानांवर काळा पट्टा उमटला होता. साबण घासून घासून पट्टा तसाच राहिला, कातडी मात्र लाल झाली. बाहेर येईपर्यंत बाई गेलेल्या असणार, आणि कामही गेलं, याची त्याला खात्री होती. बाहेर आला तर बाई आपल्या ओट्याचा नकाशा समोर घेऊन बसल्या होत्या.

"गुप्ते, स्पष्ट बोलते. तुम्ही मला आवडत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही उशिरा येता, सगळ्याला हो म्हणता आणि ते फ्लो वगैरे बोलता. मला हेमांगी आवडते. तेव्हा काम पुरं होईस्तोवर मला तीच हवी. यायचं तुम्ही, बोलायचं तिने."

"म्हणजे... बायकी आवाजात?"

"मूर्ख आहात का?" बाई म्हणाल्या. "खऱ्या आवाजात. फक्त तिच्यासारखं. आता सांगा, मला वरच्या कपाटांना काचेची दारं हवीत."

"हो हो, करून..." सलिल थांबला. "नको, बाई. काचेचं दार जड असतं, तुमच्या हाताला त्रास होईल. आणि आता बदललं तर काम लांबेल."

"बरं, राहू दे," बाई म्हणाल्या आणि वड्यांचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

पुढचे दिवस सलिलला जड गेले. मेसेजात कणखर असणं वेगळं आणि सुतारासमोर उभं राहून 'हे परत करा' म्हणणं वेगळं. त्याची जीभ अडखळे, कान लाल होत. बाई मागे खुर्चीत बसून गृहपाठ तपासल्यासारख्या ऐकत. दोनदा त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवलं, उशीर झाला म्हणून. पण ओटा ठरल्या दिवशी बसला, आणि दांडीवर टॉवेलही लागला.

नव्या स्वयंपाकघरात बाईंनी पहिल्यांदा साखरभात केला आणि सलिल-सोनलला जेवायला बोलावलं. सोनल ओटा बघत होती, बाई तिला कप्पे उघडून दाखवत होत्या. सलिल ताट घेऊन खिडकीशी उभा होता, तिथे ऋतुराज आला. फोटोतल्यापेक्षा बारीक झालेला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने आवाज खाली घेतला.

"सर, एक विचारू का? तुमच्या ऑफिसातल्या त्या हेमांगी... आई म्हणाली, तिकडून नकार आला."

सलिलने बाईंकडे बघितलं. बाई मोठ्या मन लावून चमच्यांचा कप्पा दाखवत होत्या.

"हो," सलिल म्हणाला. "ती नोकरी सोडून गेली. तिला एवढ्यात लग्न करायचंच नाहीये."

"फोटो बघून नाही म्हणाल्या का?"

विचारताना मुलाने चष्मा काढून पुसायला घेतला होता. गेले काही दिवस तो खरं बोलायला शिकत होता, आणि नेमकं इथे ते कसं बोलायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"छे, छे," तो म्हणाला. "फोटो चांगला वाटला होता. खरंच."

"हो?" ऋतुराजने चष्मा चढवला. त्याचा चेहरा खुलला. "थांबा, तुम्हाला अजून भात आणतो."

सलिलला भात नको होता. पोट भरलं होतं, आणि तसं सांगायचं हेही त्याला आता येत होतं. पण त्याने ताट पुढे केलं.