डोक्यावरची ओळ

पाव कापायच्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका आमच्या कचेरीत तयार होत. मी निवृत्त झाले, माझी भाची आता तिथेच आहे. परवा तिचा फोन आला. "मावशी, जरा ये ना. छपाईला सोडायची सही माझी आहे, आणि हात धजत नाहीये."

मी गेले. तिथले नवे साहेब म्हणजे नुसता थाट. खुर्ची फिरवत म्हणाले, "बाई, तुमचं जाडजूड बाड नव्या आवृत्तीत किती सुटसुटीत झालं बघा! जुन्या फायली नव्या सॉफ्टवेअरमध्ये तशाच घातल्या. फक्त डोक्यावरची ती फालतू ओळ सगळीकडून उडवली."

मी कपाळावर हात मारला.

पुस्तिका मांडून देणारं ते सॉफ्टवेअर आमच्या कचेरीतल्या टकलूकाकांनी लिहिलेलं. काय माणूस होता! नवा नियम आणला तरी जुना मोडायचा नाही. प्रत्येक फायलीच्या पहिल्या ओळीत सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा आकडा असे; तो बघून सॉफ्टवेअर त्या वेळचे नियम लावी. आम्ही ओळीआधी उद्गारचिन्ह टाकलं की ठळक चौकटीत इशारा छापला जाई. नव्या आवृत्तीत तेच चिन्ह म्हणजे लिहिणाऱ्याची खासगी टीप, छापायचीच नाही. आकडा उडाला, जुन्या फायलींना नवे नियम लागले आणि सगळे इशारे गुपचूप गळले. ह्या दिवट्याला तो सुटसुटीतपणा वाटत होता.

"साहेब, इशारे गेलेत," भाची म्हणाली.

"अगं, इशाऱ्यांनी गिऱ्हाईक बिचकतं. चल खाली, दाखवतोच तुला."

खाली नमुन्याचं यंत्र शांत उभं होतं. साहेबांनी बाह्या सरसावल्या आणि नव्या पुस्तिकेतून मोठ्याने वाचलं, "'झाकण उघडा. फडक्याने पाती पुसा.' झालं! शेंबडं पोरही करेल." झाकण उघडून फडक्यासकट हात आत घालणार, तोच भाचीने भिंतीवरचा मुख्य खटका ओढला.

"लाइट का घालवलीस?"

त्यांच्या हातातलं फडकं घेऊन तिने झाडूच्या दांड्याला गुंडाळलं, खटका पुन्हा चालू केला आणि दांडा आत सरकवला. पुढ्यात काहीही आलं की ती पाती आपोआप सुरू होतात. फडक्याच्या चिंध्या साहेबांच्या बुटांवर पडल्या. दांड्याचं टोकही.

साहेबांनी दोन्ही हात खिशात घातले. "खटका बंद करायचा, एवढं तर कुणालाही कळतं."

"तुम्हाला कुठे कळलं?" मी म्हणाले.

"मी सही करणार नाही," भाची म्हणाली. "आकडे परत घालते, मग बघू."

ती जिना चढू लागली. साहेब मागोमाग, आवाज एकदम मऊ. "घाल बाई, घाल. पण मुखपृष्ठावर 'नवी आवृत्ती' छापायला हरकत नाही ना?"

"छापा हो," मी म्हणाले. "मुखपृष्ठाने कुणाची बोटं तुटत नाहीत."

आणि त्या माणसाने खरोखरच माझे आभार मानले.