डोली टेकेपर्यंत

दरीच्या टोकावर उभी राहून मी रोज चार वेळा खोटं बोलते. हे थंड हवेचं ठिकाण वसवणारा गोरा साहेब इथून खाली कसा पडला, असं पर्यटक विचारतात. फलकावर लिहिलंय तेच मी सांगते, “साहेबांचा पाय घसरला.” मग तलाव, चर्च, साहेबाचा बंगला दाखवायचा, की माझी गाईडगिरी संपली.

खरं काय ते आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. साहेब डोलीत बसला होता. पुढच्या दांड्याला माझे पणजोबा. साहेबानं चाबकानं त्यांचा कान फाडला आणि पणजोबांनी खांदा काढला. साहेब गेला, पण उरलेले तीन डोलीवालेही गेले. त्यातला एक पणजोबांचा सख्खा भाऊ. पणजोबांना ज्या झाडाला टांगलं, त्याच्या सावलीत आता लोक डबे खातात. तेव्हापासून डोलीवाल्यांचा एकच नियम आहे. डोली टेकेपर्यंत दांडा सोडायचा नाही, मग काहीही होवो.

आता डोलीला दोघंच असतात. त्या पुढच्या दांड्याला माझा दादा आणि मागे माझा नवरा.

आज एक गलेलठ्ठ गिऱ्हाईक आलं. फोटोवाल्याकडून साहेबी टोपी आणि चाबूक भाड्यानं घेतला, फोन माझ्या हातात कोंबला. “व्हिडिओ काढ. मस्त आला पाहिजे.”

टोकाकडे उतरणारी पायऱ्यांची वाट जेमतेम एका माणसापुरती रुंद. मी पुढे उलटी चालत होते. त्यानं आधी हवेत चाबूक फिरवला, मग दादाच्या मानेवर ओढला.

“साहेब, लागतंय,” दादा म्हणाला.

“अरे, लागायलाच पाहिजे! नाहीतर खरं कसं वाटणार?”

आणखी दोन. चौथा थेट डाव्या डोळ्यात बसला. दादा गुरासारखा ओरडला. रक्त हनुवटीवरून ठिबकायला लागलं, खांदा थरथरला, डोली दरीकडे कलली. मागे माझ्या नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“दादा, सोडू नको रे! पाया पडते तुझ्या!” मी किंचाळले.

दादानं सोडला नाही. एका डोळ्यानं वाट बघत तो उरलेल्या साठ पायऱ्या उतरला, टोकावर गुडघे वाकवून त्यानं डोली अलगद टेकवली.

“उतरा, साहेब,” तो म्हणाला.

गिऱ्हाईक हसत उतरलं. दादाच्या पहिल्या ठोशात त्याचं नाक गेलं, दुसऱ्यात दात. मग माझा नवरा आला. मी ‘बस्स’ म्हणायला हवं होतं. मी गिऱ्हाईकाचा फोन दरीत भिरकावला आणि पायातली चप्पल काढली. चहावाल्यानं आमच्याकडे पाठ करून स्टोव्हला पंप मारायला घेतला.

पोलीस आला तेव्हा गिऱ्हाईक जबडा धरून नुसतं कण्हत होतं. दादा डोलीला टेकून बसला होता. त्याचा डोळा गेलाय, हे मला दिसत होतं.

“काय झालं इथं?” पोलिसानं विचारलं.

मी फलकाशेजारी, माझ्या रोजच्या जागी जाऊन उभी राहिले.

“साहेबांचा पाय घसरला,” मी सांगितलं.